पंचवीस बोगद्यांतलं वाचन

दुपारचे तीन वाजलेत. रसायनीच्या वसाहतीत या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. तुम्ही खिडकीशी खुर्ची ओढून बसलाय आणि मांडीवर गेल कॅरिगर यांची ‘प्रुडन्स’ उघडी आहे. २०१५ साली निघालेली इंग्रजी कादंबरी. तिच्यातली राणी व्हिक्टोरिया खरी, लंडनचं धुकं खरं. पण त्या धुक्यातून वाफेवर चालणारी अजब यंत्रं फिरतात, सभ्य गृहस्थ रात्री लांडगे होतात, रक्तपिपासू उमराव चहाला बोलावतात, आणि या सगळ्या धांदलीत दोन माणसं एकमेकांवर जीव लावून बसतात. अशा पुस्तकांना स्टीमपंक म्हणतात. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकानं १९८७ साली एका पत्रात हे नाव सुचवलं आणि ते चिकटलं.

‘प्रुडन्स’ची नायिका लालभडक, काळ्या ठिपक्यांचं हवाई जहाज घेऊन लंडनहून निघते ती थेट मुंबईला येते. निमित्त चहाचं. मुंबईत तिला राक्षस भेटतात, वानर भेटतात, आणि सगळेच आपापलं राजकारण करत असतात. तुम्ही आशेनं पानं उलटताय. हे जहाज आता पनवेलच्या खाडीवरून पुढं सरकेल, कर्नाळ्याच्या सुळक्याला वळसा घालेल, माणिकगडाच्या अंगानं खाली उतरेल आणि पाताळगंगेवर सावली टाकेल, असं वाटत राहतं. कादंबरीला या भागाची खबरही नाही.

तेव्हा आपणच निघू. पुस्तकात बोट घालून ठेवा, मिटू नका.

नदीकडं चला. पाताळगंगेच्या काठानं खालून वर जायचं, आणि जसजसं वर जाऊ तसतशी वर्षं मागं पडतील. सुरुवातीची वर्षं भरभर सरतात. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना २०१७ साली बंद करायचं ठरलं तो दिवस मागं गेला. त्या कारखान्यातलं नायट्रोजन टेट्रॉक्साइडचं युनिट तेवढं इस्रोकडं गेलं, कारण पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्याला तेच रसायन लागतं. आकाशात जाणाऱ्या अग्निबाणाचं खाद्य याच गावात शिजलं, ही गोष्ट रसायनीबाहेर फार कमी लोकांना ठाऊक आहे. अजून मागं. कारखान्यांची धुरांडी एकेक करून जमिनीत शिरतात, वसाहतीच्या जागी भातखाचरं येतात, नदीचा वास बदलतो. मोहोपाड्याच्या पारावर पागोटी दिसायला लागतात. खालापूर मागं टाका. खोपोली आली.

साल १९१५. तुमच्या कानात एक चमत्कारिक घोंगावणं भरतंय. डोंगराच्या अंगावरून जाडजूड पोलादी नळ उतरलेत. त्यांच्या वरच्या टोकाला लोणावळ्याकडची धरणं आहेत, पावसाळ्यातलं पाणी साठवून ठेवणारी. ५०० मीटरहून अधिक उंचीवरून ते पाणी नळांतून कोसळतं आणि खाली वीजघरात पेल्टन चक्रांच्या पात्यांवर आदळतं. एवढ्या उंचीवरून पाणी पाडून वीज करणारी केंद्रं तेव्हा जगात थोडीच होती. जमशेटजी टाटांच्या डोक्यात ही कल्पना घोळवत ठेवली डेव्हिड गोस्टलिंग नावाच्या इंजिनिअरनं. जमशेटजी १९०४ साली गेले. काम मुलांनी पुरं केलं. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन आलेत, वीज सुरू झालीय, आणि डोंगरदऱ्यांतून तारा थेट मुंबईच्या गिरण्यांपर्यंत गेल्यात.

चक्रावरून उतरलेलं पाणी बाहेर पडून पाताळगंगेला मिळतं. कालपर्यंत पावसाळा संपला की ही नदी रोडावायची. आता ती बारमाही झाली. रसायनीत पुढं कारखाने आले ते या बारमाही पाण्याच्या आधारावर.

वीजघराच्या दारात जरा थांबा. तुमच्या हातातल्या कादंबरीचा या जागेशी थेट संबंध आहे. गिरणगावातली धुरांडी आजवर कोळशाच्या वाफेवर श्वास घेत होती. प्रत्येक गिरणीला स्वतःचं इंजिनघर, स्वतःचा बॉयलर, स्वतःचा भोंगा. खोपोलीची वीज पोचली आणि एकेका गिरणीनं इंजिन सोडून मोटार धरली. मुंबईच्या वाफेच्या युगाला उतरती कळा लागली ती इथं, या नळांच्या पायथ्याशी. स्टीमपंक लिहिणारे ज्या प्रश्नावर आपलं सगळं जग उभं करतात, की वाफेचा जमाना संपलाच नसता तर काय झालं असतं, तो प्रश्न विचारायला खोपोलीच्या वीजघराइतकी नेमकी जागा मला तरी दुसरी माहीत नाही. इथलं एक चक्र उलटं फिरवलं की तुमची कादंबरी सुरू होते.

फिरवा.

खोपोलीहून निघणारी गाडी पळसदरी, कर्जत करत नेरळला जाते. तुम्ही उतरता तेव्हा १९०७ साल आहे आणि शेजारच्या फलाटावर दोन फूट रुंदीच्या रुळांवर एक चिमुकलं इंजिन फुसफुसतंय. ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीनं ते बांधलं. त्याची चाकं वळणावर आपल्या आसासकट बाजूला सरकतात, नाहीतर माथेरानची वळणं कुठल्याच इंजिनाला झेपली नसती. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि मुलगा अब्दुल हुसेन यांची जिद्द, अशी ही जवळजवळ २० किलोमीटरची रेल्वे उभी राहिली. वाटेत इंजिन पाणी प्यायला थांबतं त्या स्टेशनाचं नावच वॉटर पाईप. आणि या अख्ख्या रस्त्यावर बोगदा एकच, तोही इतका आखूड की आत शिरेपर्यंत उजेड. लोकांनी त्याचं नाव ‘वन किस टनेल’ ठेवलं. एका चुंबनापुरता अंधार. नवदांपत्यं माथेरानला जायला लागली तेव्हा हे नाव कुणातरी खट्याळ प्रवाशानं दिलं असावं, आणि ते सगळ्यांना पटलं. वाफेच्या गाडीतल्या प्रणयाला आपल्या माणसांनी दिलेलं हे एक लहानसं पण अस्सल स्मारक आहे.

इथं जास्त रेंगाळायला नको. माथेरान सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तुम्हाला जायचंय ते पुढच्या घाटात, जिथं बोगदे पंचवीस आहेत.

वर्ष १८६८. कर्जत स्टेशन. तुम्ही मुंबईहून पुण्याला निघालेल्या गाडीत तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर दाटीवाटीनं बसलाय. बाहेर काकड्या आणि पेरू विकणारी पोरं ओरडतायत. गाडीला घाटासाठी खास बांधलेलं जड इंजिन लागतंय. धक्का बसतो, डब्यातली गाठोडी पुढं सरकतात, कुणाचं तरी पाण्याचं तांब्याभांडं लवंडतं. तुमच्या मांडीवर आता ‘प्रुडन्स’ नाही. तिच्या जागी नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आहे, याच वर्षी छापलेली. कागद जाडाभरडा, शाईचा वास अजून गेलेला नाही. मराठीत अशी अद्भुतरम्य कादंबरी लिहायला सुरुवात होऊन दहा वर्षंही झालेली नाहीत. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली. तिनं वाट पाडली आणि लोक त्या वाटेनं निघाले. दूरदूरची राज्यं, ताटातूट झालेले प्रेमीजीव, दुष्टांची कारस्थानं, विलक्षण योगायोग आणि शेवटी भेट. इंग्रजी शाळेत शिकून कचेरीत कारकून झालेल्या पिढीला या पुस्तकांनी वेड लावलंय.

“काय वाचताय?” समोरच्या पागोटेवाल्यानं विचारलं.

“मंजुघोषा.”

“पोथी आहे का?”

“नाही. गोष्ट आहे. नवी.”

“मग मनात काय वाचताय? मोठ्यानं वाचा की. वेळ जाईल सगळ्यांचा.”

एकट्यानं, ओठ न हलवता वाचायची सवय या डब्यात फारशी कुणाला नाही. वाचणं म्हणजे चारजणांना ऐकवणं. तुम्ही घसा साफ करून सुरुवात करता. कोपऱ्यात एक म्हातारी बाई बसलीय, तिच्या शेजारी बारा-तेरा वर्षांची तिची सून, नऊवारी अंगाला पेलत नाही अशी. पहिल्यांदा नांदायला निघालीय बहुतेक. नाकातली नथ जड होतेय म्हणून ती एका बोटानं तिला आधार देऊन बसलीय. तुम्ही वाचायला लागलात तशी तिची मान खिडकीकडून हळूच आत वळली.

गाडी चढाला लागली. दर ३७ फुटांना एक फूट वर. इंजिनाचा आवाज बदलतो. धापा टाकल्यासारखा, तुटक. पहिला बोगदा येतो. अक्षरं दिसेनाशी होतात, तुम्ही थांबता. धूर खिडक्यांच्या फटींतून आत शिरतो, सगळे खोकतात, आणि अंधारात कुणीतरी म्हणतं, “पुढं?” उजेड आला की तुम्ही बोटानं ओळ शोधता. कागदावर काजळीचे बारीक कण पडलेत. पुसायला गेलात की फराटा उमटतो. चार ओळी वाचून होत नाहीत तोच पुन्हा बोगदा. नायक-नायिका एकमेकांसमोर आली की अंधार, वियोग झाला की उजेड, असं बऱ्याचदा होतं. आणि प्रत्येक अंधारात डबाभर माणसं कानात प्राण आणून थांबलेली असतात. पंचवीस बोगद्यांनी कापलेली प्रेमकथा ऐकण्याची ही मजा, दिव्याखाली सलग वाचणाऱ्या कुणालाही कधी मिळालेली नाही.

मधे एका जागी गाडी फार सावकाश जाते. पागोटेवाला खिडकीबाहेर बोट दाखवतो. या घाटातला आठ कमानींचा मोठा पूल गेल्या वर्षी, १८६७ च्या जुलैत, भर पावसाळ्यात कोसळला. डबा एकदम गप्प. म्हातारी हात जोडते. पूल मागं पडला की तीच म्हणते, “वाच बाळा. त्या पोरीचं काय झालं?”

खंडाळ्याच्या अलीकडं एका उघड्या सोंडेवर गाडी थांबते. हे रिव्हर्सिंग स्टेशन. डोंगराची वाट इथं संपते, पुढं दरी. इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जाऊन लागतं, आणि आतापर्यंत शेवटी असलेला डबा सगळ्यात पुढं होतो. गाडी आली त्याच्या उलट तोंडानं वर निघते. १९२९ साली नवे बोगदे खोदून ही अडचण काढून टाकली. तोवर साठ-पासष्ट वर्षं प्रत्येक प्रवाशानं इथं थांबून खालचं कोकण डोळेभर पाहिलं. तुम्हीही पाहा. खाली खोपोलीचं तळं चमकतंय, नाना फडणविसांनी बांधलेलं, काठावर महादेवाचं देऊळ. तिथून निघून पश्चिमेकडं जाणारी बारीक रेघ ती पाताळगंगा. रसायनी जिथं होणार तिथं नुसती झाडी आहे.

गाडी थांबलीय तेवढ्यात रिसबुडांची प्रस्तावना वाचून घ्या. कादंबरीइतकीच ती महत्त्वाची आहे. रिसबूड सरळ सांगतात की आपल्या लोकांच्या विवाहाच्या चालीरीतींमुळे आणि इतर कारणांमुळे आपल्या आयुष्यात गोष्ट लिहिण्याजोगं काही घडत नाही. रोजचं लिहावं तर त्यात रस नाही. मनोरंजन करायचं तर अद्भुताकडं वळण्यावाचून गत्यंतर नाही. कादंबरीकारानं आपली अडचण इतक्या मोकळेपणानं मांडल्याचं उदाहरण त्या काळात दुसरं सापडणं कठीण. मराठी कादंबरीचा इतिहास लिहिणारे या प्रस्तावनेपाशी आजही थांबतात.

आता नजर वर करा. समोर बारा-तेरा वर्षांची मुलगी नथीला बोट लावून बसलीय. तिला न विचारता तिचं लग्न झालंय, ती न पाहिलेल्या घरी निघालीय, आणि वाफेच्या जोरावर सह्याद्री चढताना मंजुघोषेचं प्रेम ऐकतेय. तिच्या आजीनं हाच घाट बैलाच्या पाठीवरच्या गोणीशेजारून पायी चढला असेल. रिसबूड म्हणतात तसं हिच्या आयुष्यात सांगण्याजोगं काही नाही? मला हे अजिबात मान्य नाही. अद्भुत पुस्तकाबाहेर होतं. डब्याच्या फटीतून आत येत होतं, पानावर काजळी होऊन पडत होतं. आपल्या या कादंबरीकारांनी राजवाडे रंगवले, उद्यानं रंगवली. खिडकीबाहेरच्या इंजिनाला मात्र गोष्टीत जागा दिली नाही. पुढं हरि नारायण आपट्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी कादंबरी घरात आणली, त्या नथवाल्या मुलीचं दुःख मांडलं, आणि ते काम फार मोठं झालं. ‘पण लक्षात कोण घेतो’ वाचून माणसं हादरली. पण अद्भुत एका खोलीत आणि वास्तव दुसऱ्या खोलीत, ही वाटणी तेव्हा झाली ती कायमची. वाफ दोन्हीकडून बाहेर राहिली.

गाडी सुटली. लोणावळ्याला तुम्ही उतरा. अजून थोडं मागं जायचंय, आणि तिथं गाडी नाही.

१८६१ चा जानेवारी. खोपोलीपर्यंत रूळ आलेत, ते १८५६ च्या मे महिन्यात. वर खंडाळ्याहून पुण्यापर्यंतही गाडी सुरू झालीय, १८५८ पासून. मधला घाट तेवढा राहिलाय. मुंबईहून आलेले प्रवासी खोपोलीला उतरतात आणि पालखीतून, तट्टावरून, बैलगाडीतून खंडाळा गाठतात. तुम्ही पायी चढा, कारण जे पाहायचंय ते वाटेच्या कडेला आहे.

आधी सुरुंगाच्या दारूचा वास येतो. मग छिन्न्यांचा आवाज, एकाच वेळी हजारो. या महिन्यात घाटात ४२,००० हून अधिक माणसं कामाला आहेत. देशावरून, दुष्काळी मुलखातून कुटुंबंच्या कुटुंबं उतरलीत. पुरुष पहार धरतात, बायका पाट्या वाहतात, पोरं पाणी पोचवतात. जिथं उभं राहायला जागा नाही अशा कड्यावर माणसं कमरेला दोर बांधून लोंबकळतायत आणि खडकाला भोकं पाडतायत. भोकात दारू ठासायची, वात लावायची, आणि वरच्यांनी दोर ओढून घ्यायचा. वर कोण आहे यावर सगळं. तुमच्या डाव्या हाताला एक बाई दोराचं टोक झाडाच्या बुंध्याला गुंडाळून दोन्ही हातांनी धरून उभी आहे. खाली तिचा नवरा आहे. ती त्याला हाक मारत नाही, त्याच्याकडं बघतही नाही. तिची नजर दोराच्या गाठीवर आहे आणि हात त्याच्या प्रत्येक हालचालीला साथ देतायत. खालून दोनदा हिसका आला. तिनं आणि आणखी तिघांनी पाय रोवले. तो वर आला, अंगावरची धूळ झटकली आणि तिनं पुढं केलेला तांब्या तोंडाला लावला. मागं दरीत धडाका झाला तरी दोघांनी वळून पाहिलं नाही.

ही बाई, हा दोर माझ्या कल्पनेतला आहे. अशी माणसं मात्र हजारोंनी होती, आणि त्यांची नावं कुणी लिहून ठेवलेली नाहीत. ज्यांची आहेत त्यांत एक नाव ॲलिस ट्रेडवेल यांचं. १८५९ च्या सुरुवातीला मजुरांना पगार वेळेवर मिळेना म्हणून घाटात दंगल झाली. पहिला कंत्राटदार फॅविएल यानं काम सोडलं. त्याच्या जागी इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल आले, आणि आल्यावर काही दिवसांतच आजारानं गेले. मागं राहिली पत्नी. घरी परत जायचं, हेच सगळ्यांनी गृहीत धरलं असणार. ॲलिस यांनी कंत्राट स्वतःच्या नावावर घेतलं. अनुभवी इंजिनिअर हाताशी धरले आणि नवऱ्यानं अर्धवट टाकलेला सह्याद्रीतला सगळ्यात अवघड घाट पुरा करून दिला. आखणी केली होती मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले यांनी. तेही १८६२ साली वारले. १८६३ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी घाट खुला केला तेव्हा आखणारा नव्हता, पहिला हाती घेणारा नव्हता, आणि पटकीनं, सुरुंगानं, कडे कोसळून गेलेली हजारो माणसं नव्हती. काम पुरं झालं ते एका विधवेच्या नावावर.

प्रेमकथेला आणखी काय लागतं?

उतरताना जुन्या रस्त्यानं उतरा. वळणावर शिंगरोबाचं देऊळ लागतं. सांगतात की शिंगरोबा धनगर. इंग्रजांना घाटातली वाट सापडेना, ती त्यानं दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्यानं आपल्या मुलखाचं स्वातंत्र्य मागितलं आणि गोळी खाल्ली. कागदोपत्री याला आधार मिळो न मिळो, घाटात आजही गाडीवाले इथं नाणं टाकल्याशिवाय पुढं जात नाहीत. यंत्राला वाट दाखवणारा आणि त्या यंत्राच्या मालकांकडून मारला गेलेला देव, असा देव कुठल्या कादंबरीकाराला सुचला असता तर त्याची वाहवा झाली असती. आपल्याकडं तो फुकट मिळालाय, शेंदरासकट.

आता तुमच्या पुस्तकाकडं परत वळू. वाफेच्या यंत्रावर बसून हिंदुस्थान फिरायचा, ही कल्पना ‘प्रुडन्स’च्या कितीतरी आधी ज्यूल व्हर्नला सुचली होती. ‘द स्टीम हाऊस’ या १८८० सालच्या कादंबरीत एक पोलादी हत्ती आहे. पोटात बॉयलर, सोंडेतून धूर. मागं चाकांवरचे दोन बंगले ओढत तो कलकत्त्याहून निघतो. गोष्टीची सुरुवात आपल्या औरंगाबादेत होते. भिंतीवर जाहीरनामा लागलाय, नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्याला इनाम. हत्तीवर बसलेत ते साहेब, आणि कथेतला खलनायक नानासाहेब. ज्याच्या मनात कानपूर घर करून आहे अशा मराठी वाचकाला हे पुस्तक वाचताना काय वाटावं? व्हर्नचं यंत्र अप्रतिम आहे. पण त्या यंत्रावर आपली जागा नाही. ‘प्रुडन्स’ पुष्कळ बदललेल्या जगात लिहिली गेली, तिच्यात वानरांची बाजू ऐकून घेणारी नायिका आहे, तरी जहाज लंडनचंच आणि चहासुद्धा लंडनलाच जायचा. वाफ त्यांची, नायिका त्यांची, आपण देखावा.

मराठी माणसाला यंत्राचं आणि उड्डाणाचं स्वप्न पडलं नाही असंही नाही. शंकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवलं अशी आख्यायिका मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. भक्कम पुरावा मिळालेला नाही आणि ती इतिहास म्हणून शिकवू नये, हे माझं स्पष्ट मत. पण कादंबरीला पुरावा लागत नाही. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला तेव्हा पोरांनी त्याची पारायणं केली. वाचक तयार आहे. तो १८६८ च्या डब्यातही तयार होता, पंचवीस अंधारांत थांबून “पुढं?” विचारत होता.

म्हणून ही विनंती कर्जत, खालापूर, रसायनीत लिहिणाऱ्या मुलामुलींना. तुमच्यातल्या अनेकांच्या फोनमध्ये इंग्रजी स्टीमपंक आहे, जपानी ॲनिमे आहे, त्यातली उडती जहाजं तुम्हाला तोंडपाठ आहेत. आवडतात तर जरूर वाचा. मात्र एकदा १८८२ चं ठाणे गॅझेटियर उघडा. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, त्यामुळं तुमचा मुलूख त्यात सापडेल. नेरळला माथेरानचं जुनं इंजिन हात लावता येईल इतकं जवळून पाहा. खोपोलीच्या नळांखाली उभे राहा. पावसाळा सोडून एखाद्या दिवशी जुन्या घाटानं शिंगरोबापर्यंत चाला आणि आजोबांना विचारा की त्यांच्या आजोबांनी घाटाबद्दल काय सांगितलं होतं. मग लिहा. १९१५ साली खोपोलीचं चक्र फिरलंच नाही असं धरा, वाफ राहू द्या, पाताळगंगेवर हवाई जहाजांचा तळ घाला, हवं तर माणिकगडावर वानरांचं राज्य बसवा. पण दोर धरून उभ्या असलेल्या त्या बाईला नाव द्या आणि तिला नायिका करा. तिचा नवरा पहार खाली ठेवून तिच्याशी बोलतो ते बोलणं आपल्या आगरी, ठाकरी, कातकरी, देशी, ज्या बोलीत तुमच्या कानावर पडलंय त्याच बोलीत लिहा. इंग्रजीत आधी लिहून मग मराठी करू नका. छापायला कुणी तयार होईल का याची काळजी नंतर करू; पहिलं प्रकरण लिहून झालं की डब्यात मोठ्यानं वाचून दाखवा. कर्जत-खोपोली लोकल त्यासाठी पुरेशी आहे.